जेवणारा दगड

शेजारच्या क्वार्टरमधल्या फोरमन साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी आपली खाऱ्या पाण्याची काचपेटी मला देऊन टाकली. ते मूळचे समुद्राकाठचे. पेटीतलं मीठ, मासे, प्रवाळ सगळं त्यांनी मद्रासहून मागवलेलं होतं. "ट्रकमध्ये हे जगणार नाही," ते म्हणाले आणि एका कागदावर सूचना लिहून दिल्या. पाणी किती खारट ठेवायचं, दिवा किती तास लावायचा. शेवटची ओळ होती, आठवड्यातून दोनदा प्रवाळाला खाऊ घालणे.

त्या ओळीवर मी अडलो. पोवळं मी लोकांच्या अंगठीत पाहिलेलं. ते जेवतं हे भद्रावतीच्या आमच्या कॉलनीत कुणाला ठाऊक असणार?

दोन नारिंगी मासे, काही दगड, दगडांना चिकटलेली बटणांएवढी फुलं, आणि मुठीएवढा एक हिरवा प्रवाळ. मेंदूला असतात तशा वळ्या होत्या त्याला. माझ्या बैठकीत पेटी पुन्हा मांडताना हा हिरवा मी सगळ्यात उंच दगडावर, थेट दिव्याखाली ठेवला. दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसावा म्हणून. आठ दिवसांत त्याची गादीसारखी मऊ कातडी आकसली आणि खालच्या हाडाच्या पांढऱ्या कडा वर आल्या. मी झिंग्याचे तुकडे टाकायचो. पंपाची धार ते वाहून न्यायची आणि मासे खाऊन टाकायचे.

त्याच हिवाळ्यात बाबा आले. आमचं गाव आरमोरीकडचं. बाबांचं सगळं आयुष्य वैनगंगेत आणि गावच्या तलावात जाळं टाकण्यात गेलेलं. चंद्रपूरला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वाकायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही. मी ड्यूटीवर गेलो की ते काळा चष्मा लावून पेटीसमोर खुर्ची टाकून बसत.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, "मासा असा दिसते?"

"म्हणजे?"

"आमी त वरूनच पायला गा. पान्यात पाठ दिसे, नाई त जाळ्यात तडफडताना. हा उभा राहून राह्यला, पाय. पंख हलवते अन् एका जागी उभा राह्यते."

साठ वर्षं मासे धरलेला माणूस मासा पहिल्यांदा बाजूनं पाहत होता. मी बूट काढायचे विसरून तसाच त्यांच्यामागे उभा राहिलो.

चार-पाच दिवसांनी मी घरात पाऊल टाकतो तोच त्यांनी विचारलं, "तो हिरवा काऊन मरून राह्यला?"

"समजत नाई, बाबा. उजेड त भरपूर आहे."

"उजेडाचं मले नाई समजत. पन त्या फुलायकडं पाय, सारी एका बाजूनं लवली. म्हनजे धार तिथूनच जाते, अन् तू ह्याले धारेच्या तोंडावर बसवला. नदीत कोनी धारेत घर करत नाई. दगडाच्या मांगं बसते, जिथी पानी हळू फिरते."

त्यांना वाकायची मनाई. त्यांनी खुर्चीतूनच काठीनं जागा दाखवली. मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून प्रवाळ खालच्या कडक बाजूनं उचलला.

"खाली घे. रेतीवर. थोडा इकडं. आनखी. बस!"

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कडा झाकल्या गेल्या. आठवड्याभरात तो भिजलेल्या स्पंजसारखा फुगून दुप्पट झाला.

"आता भूक लागली असन त्याले," बाबा म्हणाले.

बाजारातून मी झिंगे आणले. बाबांनी ते स्वतः सोलून बारीक चिरले. मग मला पंप बंद करायला लावला, दिवाही. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता तेवढाच. "आंधी नुसतं झिंग्याचं पानी सोड. वास फिरू दे," ते म्हणाले. मी शाईच्या ड्रॉपरनं चार थेंब त्याच्यावर सोडले.

बराच वेळ काही झालं नाही. मी उठणार, एवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. प्रवाळाच्या वळ्यांमधून काचेसारखी पारदर्शक टोकं बाहेर येत होती. धानाला मोड येतात तशी आधी दोन-चार, मग सगळीकडूनच. मी चिमट्यानं एक तुकडा अलगद ठेवला. टोकं त्याच्यावर वाकली. आणि जिला मी इतके दिवस नुसती एक घडी समजत होतो ती सावकाश उघडली. ते तोंड होतं. तुकडा आत गेला आणि घडी मिटली.

माझी बायको कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "जनावर आहे."

"हो. अन् दगडही तोच बनवते, बाबा. ते त्याचं हाड. फोरमन साहेब सांगत होते, समुद्रात याचे भाऊबंद मिळून डोंगर बांधतात. बेटंच्या बेटं."

ते पेटीकडे पाहतच म्हणाले, "एवढे सारे जेवत असतीन, त समुद्रात पंगत उठतच नसन."

महिना झाल्यावर बाबा गावी गेले. आणि एका रविवारी दुपारी एसटीनं परत आले ते चार जणांना घेऊन. माझे दोन काका, शेजारचा एक म्हातारा आणि आरमोरीच्या बाजारात मासळी विकणारी आत्या. त्यांना दगड जेवताना पाहायचा होता. मी झिंगे काढायला निघालो.

"कधी जेवला तो?" बाबांनी विचारलं.

"काल."

"मंग आज नाई."

"एवढ्या लांबून आलो ना आमी!" थोरले काका म्हणाले.

"आला त पाहून घे. त्याचं पोट काऊन बिघडवतं?"

सगळे सतरंजीवर बसले. चहा झाला. आत्या मात्र पेटीच्या अगदी जवळ सरकून बसली होती. तिनं कपाचा कान सोडला नव्हता, पण चहा तसाच होता. बऱ्याच वेळानं ती हळू आवाजात बोलली.

"आमी आलो तवा त्याच्या बाजूनं एक शिंपला दिसत होता. आता कुठी आहे?"

मी वाकून पाहिलं. रेतीतला तो पांढरा शिंपला प्रवाळाच्या हिरव्या कडेखाली पूर्ण झाकला गेला होता. आम्ही गप्पा मारत होतो तेवढ्या वेळात प्रवाळ फुगत फुगत तिथवर पसरला होता. रोज पेटीसमोर बसूनही मी त्याला असं पसरताना पाहिलं नव्हतं.

"कोनाले न सांगता," आत्या म्हणाली.

थोरले काका गुडघ्यावर रांगत पुढे आले. मग बाकीचेही. पाच डोकी काचेशी एकत्र आली.