गळती बंद करावी

यशोदाकाकूंचा फोन आला तेव्हा मी विद्याधर नगरातल्या ऑफिसात एका अहवालाची शेवटची पानं चाळत होते. "मंजू, तुहे काका गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी नऊच्या सुमाराला गजभिये काका दारातल्या स्टुलावर बसून बूट घालत होते. एक घालून झाला, दुसरा हातातच राहिला... मी सोडाल्याला त्यांच्या घरी पोहोचले तरी काकू पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, "दर गुरुवारी निघायचे. कुठी जात होते, तुले तं मालूम असन?" मला मालूम नव्हतं. रिटायर्ड माणूस, जात असतील कुणा जुन्या सोबत्याकडे, असं काहीतरी बोलून मी विषय संपवला. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

ते माझे सख्खे काका नव्हते. बाबा आणि ते नागपूरकडून एकाच वेळी बदली होऊन जयपूरला आले आणि रेल्वे कॉलनीत आमची दारं समोरासमोर आली. बाबा तिकीट खिडकीवर, काका लोको शेडमध्ये वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवर. ती इंजिनं गेल्यावर त्यांना डिझेलवर बसवलं, पण तिथं त्यांचा जीव रमला नाही. दोन हजार सालानंतर ऊर्जा बचतीचा कायदा आला आणि सरकारी योजनांना ऊत आला. घरातले पिवळे बल्ब काढा, सीएफएल लावा, फ्रिज घेताना त्यावरचे तारे मोजा, आणि लहान कारखान्यांची निम्म्या खर्चात ऊर्जा तपासणी करून घ्या. मी तेव्हा नुकतीच परीक्षा पास होऊन ऑडिटर झाले होते. बॉयलरखोलीत एकटी मुलगी शिरली की तिथला फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणारा माणूस, जागचा हलत नसे, म्हणून मी काकांना बरोबर न्यायला लागले. माझी यंत्रं बघून ते चिडवायचे, "एवढं सामान? डाक्टरीन दिसून रायली तू तं." स्वतः मात्र रिकाम्या हातानं यायचे. खोलीत शिरल्यावर मालकाशी बोलायच्या आधी ते वर बघत, सेफ्टी व्हॉल्व्हकडे. दाब प्रमाणाबाहेर गेला की जिथून वाफ आपोआप बाहेर पडते, ती ही झडप. मग फायरमनशेजारी बसून त्याच्या गावाची चौकशी करत. एका बॉयलरमागे अख्खा दिवस जाई आणि मी मनातल्या मनात चरफडत असे.

पुढे वरून टार्गेटं आली. मार्चच्या आत इतके कारखाने, इतकी बचत. काकांना घेऊन ते जमणार नव्हतं, म्हणून मी हळूहळू त्यांना सांगणंच सोडून दिलं. त्यांनीही कधी विचारलं नाही. मी कॉम्प्युटरवर एक तक्ता करून ठेवला होता. डाव्या रकान्यात वाफ कुठून गळते ती जागा, मधे किती वाया जाते त्याचा अंदाज, उजवीकडे उपाय. उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य असे, "गळती बंद करावी." वर्षाअखेर योजनेच्या पुस्तिकेत माझ्या कारखान्यांची यादी छापून आली, तेव्हा पेढ्यांबरोबर ती पुस्तिकाही मी काकांना नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली होती.

त्यानंतर सांगानेरच्या बाजूच्या एका रंगाई कारखान्याच्या मालकाचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मॅडमजी, आपने जो लिखा था, सब करवा दिया. अब एक बूंद भाप बाहर नहीं जाती!" हे काकांना दाखवायचंच, म्हणून मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. अंगणात बायका रंगवलेलं कापड पिळत होत्या, गप्पा चालल्या होत्या. बॉयलरखोली मात्र विलक्षण शांत होती. उंबऱ्यातच काकांनी माझा दंड धरला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीला तराजूचं वजन तारेनं आवळून बांधलं होतं, आणि खाली दाबाच्या घड्याळाचा काटा लाल खुणेच्या कितीतरी पुढे जाऊन थरथरत होता. फायरमन अभिमानानं माझ्याकडे बघत होता. "मंजू, बाहीर हो. बायायले घे अन् रस्त्यापलीकडे जाय," काका इतक्या हळू म्हणाले की मला त्यांची भीतीच वाटली. मग फायरमनला, "भैया, ऊपर हाथ मत लगाना. आग खींचो. धीरे." म्हणजे झडपेला हात न लावता भट्टीतले निखारे बाहेर ओढायचे.

रस्त्यापलीकडे उभं राहून मी त्या पत्र्याच्या छपराकडे बघत राहिले. एक बाई विचारत होती की काम का थांबवलं, रंग सुकेल. किती वेळ गेला सांगता येत नाही... काका बाहेर आले ते घामानं निथळत. मालकाला त्यांनी चार शब्द सुनावले, पण घोळ माझ्या वाक्यानं झाला हे सांगितलं नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "काऊन वं पोरी, लिवल्यावर वाचलं होतं का?" झडप गळत होती, ती जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या, असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं होतं बंद करा, आणि त्यांनी ती बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता बदलला आणि सुटल्यासारखं वाटून घेतलं. आधीच्या अहवालांचं काय, हा विचार मनात आला होता, मी तो दाबून टाकला. सगळ्या मालकांना पत्रं पाठवायची म्हणजे चूक कबूल करायची, लायसन्स जायचं, नाव जायचं. काकांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांनी मला माफ केलं, असं मी धरून चालले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दुपारी काकूंनी खाटेखालचा एक पत्र्याचा डबा ओढून बाहेर काढला. तो त्यांना उचलवेना. आत गंजक्या तारांची भेंडोळी होती, लाकडी पाचरी, नटबोल्ट, एक अर्धी वीट, एक कुलूप. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर काकांच्या अक्षरात कारखान्याचं नाव आणि तारीख, वार प्रत्येक वेळी गुरुवार. सगळी नावं माझ्या यादीतली. तळाशी ती पुस्तिका होती. ज्या कारखान्यांत जाऊन आले त्यांच्यापुढे त्यांनी खूण केली होती, आणि त्या खुणा पानाच्या मध्यावरच थांबल्या होत्या. सत्तरीतला माणूस, छातीचं दुखणं असलेला, शहराच्या चारी टोकांना बसनं फिरत होता... आणि मला एका शब्दानं बोलला नाही.

"हे काय व्हय, मंजू?" काकूंनी विचारलं.

"माझ्या चुका आहेत, काकू."

त्यांनी वीट हातात घेतली, चिठ्ठी वाचली, परत ठेवली. "मंग डबा तूच घेऊन जाय," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

डबा आता माझ्या टेबलाखाली असतो. मालकांना पत्रं गेली आहेत, माझ्या सहीची, चूक माझी असं लिहिलेली. पण पत्र वाचलं जाईलच असं कुणी सांगावं, म्हणून मी स्वतः जाते. गेल्या आठवड्यात एका नमकीनच्या कारखान्यातल्या झडपेतून एक पाचर काढून आणली, चिठ्ठी बांधली आणि डब्यात टाकली. यादीत अजून सहा नावं आहेत. त्यातल्या एकाचा फोन परवापासून नुसता वाजतोय, कुणी उचलत नाही. हे लिहून झालं की मी तिकडेच निघणार आहे.