हवा गेली तरी न थांबणारे टायर

आमच्या घरात गाडीच्या बाजूने एकच मत पडलं होतं, दादाचं.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट हात वर करून ठरते. बाबा सरकारी नोकरीत होते, पण त्यांचा खरा संसार युनियनशी. हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे घरी यायचे आणि आम्ही दोघं भावंडं जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. शाळेत तेलुगू आणि इंग्रजी; मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. त्यामुळे 'जाहीर निषेध' मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होतं. फ्रीज घ्यायचा की नाही, आत्याकडे लग्नाला जायचं की नाही, सगळ्यावर ठराव. वहिनी लग्न होऊन आली त्या संध्याकाळीच बाबांनी जाहीर केलं, "आजपासून या घरात पाच मतं."

दादाच्या गाडीचा ठराव चार विरुद्ध एक असा पडला. वहिनीचंही मत विरोधात होतं. तरी त्याने ती घेतलीच. जुनी, निळी, बुटकी स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची. बाबा त्या गाडीत कधी बसले नाहीत. "ज्या गाडीत आपलं सगळं घर मावत नाही, ती आपली गाडी नव्हे," असं म्हणून ते युनियनच्या कामाला बसनेच कोठीला जात राहिले. माझंही मत तेच होतं. आजही आहे.

दादा मागच्या हिवाळ्यात गेला. ऑफिसच्या जिन्यात कोसळला, पुन्हा बोलला नाही. गाडी अंबरपेठेतल्या आमच्या घरासमोर कापड पांघरून उभी राहिली. मग एक दिवस वहिनीने बाबांसमोर बसून सांगितलं, की बँकेत तिने सोलापूरला बदली मागितली होती आणि ती मिळाली आहे. तिथे ती एकटी राहणार, आणि गाडी घेऊन जाणार.

हे मतासाठी ठेवलेलं नव्हतं. ती सांगत होती.

आत्याने फोनवर आईला ऐकवलं, "सुनेला अशी गाडीसकट सोडतात होय?" मी आईच्या हातातून फोन घेतला आणि आत्याला असं झापलं की ती अजून माझ्याशी बोलत नाही. बाईने कुठे राहायचं ते बाईने ठरवावं, हे मी लहानपणी हजारो कागदांवर घडी घालून ठेवलेलं वाक्य आहे, त्यातलं एक अक्षरही मी मागे घेणार नाही. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. त्याचं काय करायचं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

कापड काढलं तेव्हा चारही टायर गेलेले दिसले. एकाच जागी उभं राहून खालून चपटे झालेले, कडांना बारीक भेगा. वहिनी हळूहळू दुकानापर्यंत नेणार होती. बाबा चपला घालून बाहेर आले आणि म्हणाले, "मी येतो." त्या बुटक्या दारातून आत शिरताना त्यांचं डोकं आपटलं. दादाच्या गाडीत ते पहिल्यांदा बसले, आणि मी स्कूटरवरून मागे मागे गेले.

दुकानदार गाडीभोवती फिरला. "साब, ये रनफ्लॅट हैं. पंक्चर हुआ तो भी चलते. पन महंगे, सख्त, गड्ढे में कमर हिलाते. सादे डालो ना, आराम से जाओ."

"आणि सादा पंक्चर झाला तर?" बाबांनी मराठीतच विचारलं.

"तो स्टेपनी..." त्याने डिकी उघडली आणि स्वतःच हसला. "स्टेपनी की जगाच नै है इसमें."

बाबांनी मग त्याची उलटतपासणीच घेतली. हवा पूर्ण गेल्यावर किती चालतो? वेग कमी ठेवला तर ऐंशीएक किलोमीटर, कडा जाड असतात, गाडीचं वजन त्याच पेलतात. बाबांनी डोळे मिटले. झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग. सोलापूरच्या रस्त्यावर कुठेही हवा गेली तरी तिला अंधारात एकटीला उतरावं लागणार नाही, पुढचं गाव येईलच.

"रनफ्लॅटच," ते म्हणाले.

"हौ, तो समरवाले लेलो. ऑल-सीझन कायकू? हैदराबाद में बरफ कब गिरी साब?"

"ऑल-सीझन जास्त टिकतात ना?"

"टिकते ज्यादा. तेज मोड पे पकड थोडी कम."

"ती तेज चालवत नाही." बाबा आमच्याकडे वळले आणि सवयीने म्हणाले, "बारमाही रनफ्लॅटच्या बाजूने कोण?" आणि हात वर केला.

दुकानदाराला वाटलं, त्यालाच बोलावताहेत. "चाय, साब?"

मी हात वर केला. वहिनीने केला नाही. किल्ली मुठीत धरून ती म्हणाली, "बाबा, टायर माझ्या गाडीचे आहेत. यावर मत घ्यायचं कारण नाही."

बाबांचा हात वरच राहिला होता. मग तो खाली आला. "बरोबर आहे. माझं चुकलं."

ती बराच वेळ टायरच्या नक्षीवर बोट फिरवत राहिली. शेवटी दुकानदाराला म्हणाली, "ऑल-सीझन रनफ्लॅट. चारों." मग माझ्याकडे बघून, "काय कॉम्रेड, सभा संपली का?"

बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे पावसातही येता येईल?"

"येता येईल, बाबा," ती म्हणाली. येईन म्हणाली नाही.

रविवारी ती गेली. आईने शेजारच्या सीटवर डबा आणि पाण्याची बाटली ठेवली आणि पट्टा ओढून त्यांना लावला. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत बाबा टायरांकडेच बघत होते.

आता अर्धा पावसाळा होऊन गेला. तिचा फोन येतो, बाबा आधी हवा तपासलीस का विचारतात, ती हो म्हणते. जेवलीस का, ऑफिस कसं आहे, एवढंच. ती आलेली नाही.

मागच्या आठवड्यात आईने ठराव मांडला, की गाडीची जागा रिकामीच आहे, तिथे तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्या ठेवू. आईने हात वर केला, मी केला. तिघांत दोन मतं, ठराव पास.

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "एक सभासद गैरहजर आहे. पुढच्या बैठकीत घेऊ."

आमच्या नियमांत असं काहीही नाही. ते नियम मीच शाळेत असताना पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले होते, अजून तिथेच आहेत. मी तोंड उघडलं, बाबांकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.