लाल पट्ट्याचा धोटा

हुन्नराला सीमा नसते.

आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकावर कापडी फलकावर असं लिहिलं होतं. लिहायला धामणकर नाक्यावरचा पेंटर बोलावला होता. फलक झाल्यावर त्याच्या उरलेल्या लाल रंगाने माझ्या धोट्यावरचा पट्टा नव्याने ओढला गेला. परदेशी पाहुणे येणार होते. सगळं ताजं दिसलं पाहिजे, असा अधीक्षकांचा आदेश होता.

धोटा म्हणजे लाकडी होडीसारखा तुकडा. त्यात सुताची कांडी बसते आणि तो मागावर इकडून तिकडे धावतो. कांडीचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं असेल, तर विणकर भोकाला तोंड लावतो आणि श्वास आत ओढतो. धागा ओठांवर येतो. दिवसातून शेकडो वेळा. भिवंडीत सगळे असंच करतात.

आणि तोंड आलं की जात आली. माझे वडील मुंबईच्या गिरणीत सूतखात्यात होते. विणखात्यात पगार जास्त होता, पण तिथे आमच्या माणसांना घेत नसत. आमच्या ओठांना लागलेला धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या ओठांना लागेल, एवढंच कारण. मी भिवंडीत लूमवर शिकलो. तिथल्या शेठला कापडाशी मतलब होता, त्याने काही विचारलं नाही. पुढे परीक्षा दिली, केंद्रात विणकामाचा निदेशक झालो. सरकारमान्य नोकरी. पहिल्याच आठवड्यात माझ्या धोट्यावर लाल पट्टा आला.

"आरोग्याच्या दृष्टीने," अधीक्षक म्हणाले.

वर्गातल्या बाकी सगळ्यांचे धोटे एका खोक्यात असत. त्यांचं आरोग्य एकत्र होतं.

मी तो धोटा तीन वर्षं वापरला. हे लिहायला लाज वाटते, म्हणून आधीच लिहून टाकतो. वर्गातला अन्सारी एकदा म्हणाला, "मास्टर, आपके शटल की शादी हो गई क्या? सिंदूर लगाके घूम रहा है." वर्ग हसला. मीही हसलो. पोरगं उत्तरेतल्या भदोहीहून नवीनच आलेलं, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना होतं.

पाहुणे निधी देणार होते. युरोपातली एक संस्था होती. व्यवसाय शिक्षण आणि कामगारांची कौशल्यं, असा विषय होता. त्यांचे शिक्षक इथे येणार, आमचा एक निदेशक दोन महिने तिकडे जाणार, सगळा खर्च त्यांचा. अट एकच होती. जाणारा माणूस प्रत्यक्ष यंत्रावर काम करणारा हवा. केंद्रात असा मी एकटा होतो. थिअरीच्या सरांना मागाचे सगळे भाग क्रमाने पाठ होते. माग चालू करायचा दांडा कुठला, तेवढं मात्र ते मला विचारत.

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू? मी पासपोर्टसाठी फोटोही काढून ठेवले होते.

पाहुण्यांत एक पन्नाशीची बाई होती, स्वतः विणकाम शिकवणारी. मी माग चालवून दाखवला. तुटलेला धागा सांधला, कांडी बदलली, धोट्याला तोंड लावून धागा ओढला. ती लहान मुलीसारखी हसली. तिने खुणेने विचारलं, मी करून बघू? आणि समोर पडलेला माझा धोटा उचलला. तोंडाशी नेला.

अधीक्षक पुढे झेपावले. इतक्या चपळाईने हलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी धोटा तिच्या हातातून काढून घेतला.

"नॉट धिस वन, मॅडम. ही हॅज टीबी."

बाईचा हात आपोआप रुमालाकडे गेला. तो तिने तोंडावर धरला आणि एक पाऊल मागे सरली. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. कीव होती त्यात. खरीखुरी, मनापासूनची कीव. वर्गातली वीस पोरं बघत होती. माझ्या छातीत कसलाही रोग नव्हता.

संध्याकाळी टेमघरला घरी गेलो. गिरणी बंद पडल्यापासून वडील घरीच असत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आमाला त्या खात्यात पाय न्हाय ठेवू दिला," ते म्हणाले. "तुला धोटा तरी हाय."

"लाल पट्ट्याचा, बाबा."

"हाय ना पन."

ते अभिमानाने म्हणाले. तेव्हा मला कळलं की मी तीन वर्षं का हसत होतो. पट्टा अधीक्षकांनी ओढला होता. आभार मी आणि वडील मानत होतो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे निघण्याआधी परत केंद्रात आले. मी काचेच्या तुकड्याने धोटा खरवडत बसलो होतो. लाल भुकटी मांडीवर पडत होती.

"हे काय चाललंय?" अधीक्षकांनी विचारलं.

"साफसफाई, साहेब."

मग मी उठलो. शब्दकोश घेऊन बसवलेली तीन इंग्रजी वाक्यं बाईसमोर म्हटली. आय हॅव नो टीबी. आय अ‍ॅम अ बुद्धिस्ट. धिस रेड इज फॉर माय कास्ट. तेच पोरांसाठी मराठीत म्हटलं. हिंदीत म्हणायची गरज पडली नाही. अन्सारीने मान खाली घातली होती.

बाईने वहीत लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. मग वही मिटली, "थँक यू" म्हणाली आणि जेवायला गेली.

दुपारी अधीक्षकांनी दार लावून घेतलं.

"पंधरा दिवसांची आजारपणाची रजा टाक. सगळं निभावून नेतो."

"मी आजारी नाही, साहेब. सकाळी दोन भाषांत सांगितलं."

"अरे, आपली माणसं घरातलं बाहेर सांगतात का?"

"आपली म्हणजे कुणाची?"

ते म्हणाले, निधी गेला तर पोरांचं नुकसान तुझ्यामुळे. मी म्हणालो, जाऊ दे. अर्ज लिहिला नाही.

निधी गेला नाही. थिअरीचे सर गेले. मला पत्र आलं की माझं इंग्रजी पुरेसं नाही. तीन वाक्यांपुरतं पुरलं होतं.

सरांनी परत आल्यावर स्लाइड दाखवल्या. तिकडच्या मागांना धोटाच नव्हता. धागा हवेच्या झोताने जात होता. अन्सारीने मागून विचारलं, "सर, फिर मुँह का वो लोग क्या करते हैं?"

त्याच आठवड्यात मी माझा धोटा सगळ्यांच्या खोक्यात टाकला. ढवळला. भिंतीवर माझ्या हाताने नियम लावला: ज्याला वेगळा धोटा हवा त्याने कारण लेखी द्यावं, पूर्ण वाक्यात, सहीसह. अधीक्षकांनी तो दोनदा फाडला. मी तिसऱ्यांदा लावला आणि सांगितलं, जितक्यांदा फाडाल तितक्यांदा लावीन, निवृत्त होईपर्यंत. कुणाच्याही धोट्यावर आता खूण होणार नाही. माझ्याही, माझ्यानंतर येणाऱ्याच्याही.

त्याला आठ वर्षं झाली. अधीक्षक बदलले. लेखी कारण एकानेही दिलेलं नाही.