पाझरबाईंचा वर्ग

इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई लढाईनं घरादारातून उठवलेल्या मुलांना इथली भाषा शिकवीत. मुलं पाठीमागे त्यांना पाझरबाई म्हणत. पाहुणा दारात आला की बाईंच्या डोळ्यांना पाणी सुटे आणि तो जिना उतरला की नळ बंद. आधी त्यांनी शिवणवर्ग काढून पाहिला, मग बागकाम मंडळ. पण पेपरात फोटो काही येईना. ही पोरं हाती लागली आणि बाईंचं उखळ पांढरं झालं.

शिकवण्याच्या नावानं मात्र आनंद होता. वर्गातली एक मुलगी भाषा शिकली ती खालच्या दुकानात, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून. डोळे मिटून ऐकलं तर इथलीच वाटावी. तिची आई तिथंच कपडे घ्या-द्यायला होती. आईला भाषा चढली नाही. दिवसभर घोटून घोटून एकच वाक्य अख्खं यायचं: "आज जमणार नाही, परवा चौकशी करा." बाकी सगळे तुकडे.

पाहुण्यांपुढे अडखळायचं, अशी मुलीला बाईंची ताकीद होती. पोपटासारखी बोललीस तर कणव कुणाला येणार, असं त्या लाडानं समजावीत. मुलगी "मी... घर... नाही" म्हणे आणि पाहुणे रुमाल काढीत. आईला नवल वाटे. ती रोज खरीखुरी अडखळायची, तेव्हा लोक घड्याळ बघायचे.

एकदा नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या आल्या. वर्गातल्या कुणा एकीला त्या प्रवेश देणार होत्या. मुलीचा जीव त्या जागेत अडकलेला, आईचा मुलीत. तरी बाईंचा हुकूम तोच. मोडला तर वर्गातून नाव कट. मुलगी अडखळली. प्राचार्यांनी रुमाल काढला नाही. रोग्यानं दुखणं सांगितलं तर हिला कळेल का, एवढंच विचारलं.

"कच्चीच आहे हो अजून," बाई घाईनं म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू." रडवणारी पोरगी हातची कोण घालवील?

पाण्याचे पेले घेऊन आई दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"खोटं," ती म्हणाली. "मी... नाही येत. हिला येते. सगळं. बाई... तोंड बंद करते."

मुलगी प्राचार्यांकडे वळली. "आई खरं बोलतेय. मला रोग्याचं दुखणं कळेल, आणि तो ढोंग करत असला तर तेही कळेल. इथं सराव झालाय."

प्राचार्या हसल्या आणि सोमवारी कागदपत्रं घेऊन ये म्हणाल्या.

बाई शरमल्या असतील असं वाटत असेल, तर तुम्ही त्यांना ओळखलंच नाहीत. डोळे भरून आणून त्यांनी हे आमच्या वर्गाचंच फळ म्हणून सांगितलं. प्राचार्यांची पाठ वळताच, एरवी "ए इस्त्रीवाली" म्हणणाऱ्या बाईंनी आईला कोपऱ्यात घेतलं.

"ताई, काय काळजाला हात घातलात! पुढच्या पाहुण्यांपुढे तुम्हीच बोला. असंच, तोडून-मोडून."

आईनं ट्रे उचलला आणि एका शब्दालाही न अडखळता म्हणाली, "आज जमणार नाही, परवा चौकशी करा."