उलटे शब्द

"बॉल हाडल्याशिवाय आपली टीम हरतली हां!" लाल टीममधला सहा वर्षांचा एक मुलगा सोबत्याला कोकणीत बजावत होता, चेंडू आणला नाही तर हरू म्हणून. डिचोलीतल्या त्या मैदानावर मी टेनिसच्या सरांना मदत करायचे, म्हणजे बहुतेक गप्प राहून चेंडू गोळा करायचे. मुलांना गंमत वाटावी म्हणून सरांनी त्या दिवशी शब्द उलटे केले होते. 'गो' म्हटलं की थांबायचं, 'स्टॉप' म्हटलं की पळायचं. चुकेल त्याची टीम बाद. मुलं खिदळत होती. मी मोडक्या फाटकाकडे पाहत होते. त्यापलीकडच्या उतारावरून खाणीचे ट्रक येत होते आणि पायाखालची जमीन थरथरत होती.

चेंडू फाटकाबाहेर गेला. तो मुलगा मागे धावला, आणि सरांचा पुढचा शब्द ऐकायला धावता धावताच त्याने वळून पाहिलं. सर पाठमोरे होते. उतारावर हॉर्न वाजला. 'स्टॉप' माझ्या ओठांवर आला आणि मी तो गिळला. 'गो' काही मला म्हणवेना. मग आई घरात 'थांब' म्हणायला जो शब्द वापरते, तोच मी जिवाच्या आकांताने ओरडले, "राव रे पुता, राव!"