मंजुषाची गढूळ बाटली

हिंगणीची मंजुषा पहिल्या एसटीने वर्ध्याला येते आणि आमची प्रयोगशाळा उघडेपर्यंत पायरीवर बसून राहते. इथे आम्ही दोघी कपाशीच्या बियाण्याला लावायचे जिवाणू साखरपाण्यात वाढवतो. मी बारा वर्षांपासून, ती जेमतेम दोन. तरी तिसऱ्या दिवशी तिचीच बाटली आधी गढूळ होते, म्हणजे जिवाणू वाढलेले असतात. साहेब तिचं कौतुक करतात आणि माझा जळफळाट होतो.

या खेपेला मी तिच्या हातांकडे बघत बघतच माझी बाटली भरली. साखर मुद्दाम दुप्पट घातली, मग समोरच्या बरणीतलं मीठ. तिसऱ्या दिवशी तिचं पाणी गढूळ, माझं नितळ!

मंजुषाने माझ्यासमोरची बरणी उचलली. "शोभाताई, हे त सोडियमवालं मीठ हाय. पोटॅशियम नसन त जिवाणूले साखर वापरताच येत नाई. कितीबी टाका."

तिच्यावर नजर ठेवण्याच्या नादात मी माझ्याच बरणीवरची चिठ्ठी वाचली नव्हती.

तिने पोटॅशियमचं मीठ पाण्यात उकळून, गार करून माझ्या बाटलीत ओतलं. तीन दिवसांनी बाटली गढूळ झाली. साहेब म्हणाले, "वा, शोभाबाई!" मंजुषा आपली बाटली धुवायला निघून गेली.

मेलीने चुगली केली असती, तर तिचा राग तरी करता आला असता.