अक्काचे नाचाचे बूट
कणकेची खळ शिजल्याचा वास आला की मला बसवनगुडीतलं आमचं शिंप्याचं दुकान आठवतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा कॅन्टोन्मेंटमधल्या एका मडमेकडे बॅले शिकायची. कार्यक्रम चार दिवसांवर आला आणि पायांच्या अंगठ्यांवर उभं राहायचे तिचे विलायती बूट फाटले. दुसरे कुठेच मिळेनात. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, एक बूट टाका टाका करून उसवला, तर आत खळीनं चिकटवलेले कापडाचे थर निघाले. मग सगळी गल्लीच कामाला लागली. शेजारच्या काकूंनी लेकीच्या लग्नातल्या पोलक्यासाठी जपून ठेवलेलं गुलाबी साटीन कापू दिलं, कोपऱ्यावर जोडे शिवणाऱ्या अण्णांनी तळवे बसवले, आई रोज खळ शिजवत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, “स्वल्प, जराशी उभी राहून बघ, अक्का.” ती भिंतीला धरून हळूहळू अंगठ्यांवर चढली, मग तिनं भिंत सोडली आणि शहाबादी फरशीवर एक संथ गिरकी घेतली. बूट टिकले. काकूंचे हात नकळत जोडले गेले. आज आठवलं की मी थक्क होते, कारण बॅले कसा असतो ते बूट करणाऱ्यांपैकी कुणीच तोवर पाहिलं नव्हतं.